होल्डेम, मर्यादित पणाचा

पोकर या पत्त्यांच्या खेळाचा एक प्रकार. यात प्रत्येक खेळाडूला स्वतःची दोन झाकलेली पाने मिळतात व टेबलावर उघडी मांडलेली पाच पाने सर्वांची सामाईक असतात. या सात पानांतून उत्तम ठरतील अशी पाच पाने घेऊन हात बनवावयाचा असतो. दर फेरीत लावावयाच्या पणाची रक्कम आधीच ठरलेली असते; त्यावरून या प्रकाराला ‘मर्यादित’ हे विशेषण लागले. हातात मोठी जोड आहे, परंतु बोलण्याची पाळी मात्र इतरांच्या आधी येते, अशा प्रसंगी या खेळाचे वेगळेपण विशेषत्वाने दिसून येते. प्रस्तुत नोंदीत खेळाची सर्वसाधारण माहिती देऊन या प्रसंगाचा अधिक विस्ताराने विचार केला आहे.

इतिहास : होल्डेमचा उगम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सस राज्यात विसाव्या शतकाच्या प्रारंभी झाला, असे मानले जाते. रॉब्सटाउन हे या खेळाचे जन्मस्थान असल्याचे टेक्ससच्या विधिमंडळाने २००७ मध्ये ठरावाने मान्य केले. लास व्हेगस येथे तो १९६३ मध्ये फेल्टन मॅकॉर्कोडेल या खेळाडूने नेला, असे सांगतात. तेथे १९७० पासून भरू लागलेल्या पोकरच्या जागतिक स्पर्धामालेतील मुख्य स्पर्धा अमर्यादित पणाच्या होल्डेमची असली, तरी नित्याच्या खेळघरांतून पुढील तीस वर्षे मर्यादित प्रकारच अधिक रूढ होता. ठराविक पणामुळे एका डावात सर्वस्व जाण्याची भीती नसते, हे त्याचे प्रमुख कारण होय. डेव्हिड स्क्लान्स्की याचे होल्डेमवरील पुस्तक १९७६ मध्ये निघाले. त्यानंतर थोड्याच काळात डॉइल ब्रन्सनच्या सुपर/सिस्टिम या ग्रंथात मर्यादित होल्डेमवर बॉबी बॉल्डविनचे स्वतंत्र प्रकरण आले. येथून या खेळाचा विचार अनुभवी जुगाऱ्यांच्या आडाख्यांऐवजी संभाव्यतेच्या गणिताने होऊ लागला. २००३ नंतर दूरचित्रवाणीमुळे अमर्यादित प्रकार लोकप्रिय झाला आणि मर्यादित प्रकार मागे पडला. भारतात गोव्यातील कॅसिनोंत पोकर खेळला जातो. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा अधिनियम संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला.

डावाची रचना : एका टेबलाभोवती साधारणतः नऊ किंवा दहा खेळाडू बसतात. खेळघरात पाने वाटण्याचे काम तेथील नोकर करतो; तथापि नावापुरता वाटपी कोण, हे दाखविणारी एक चकती (बटन) दर डावाला डावीकडे सरकत जाते. वाटप्याच्या डावीकडील दोघांनी पाने पाहण्यापूर्वीच अनुक्रमे लहान व मोठा ‘अंध पण’ ठेवावयाचा असतो. पाने मिळाल्यावर पणाची पहिली फेरी होते. मग तीन सामाईक पाने एकदम उघडतात. त्यांना फ्लॉप म्हणतात. दुसऱ्या फेरीनंतर चौथे पान (टर्न) व तिसरीनंतर पाचवे पान (रिव्हर) उघडते आणि चौथ्या फेरीनंतर हात दाखविले जातात. पहिल्या दोन फेऱ्यांत लहान पण व शेवटच्या दोन फेऱ्यांत त्याच्या दुप्पट पण असतो. एका फेरीत सामान्यतः एक पण व त्यावर तीन वाढी एवढीच मुभा असते. पाळी आलेला खेळाडू कोणी पण लावला नसेल, तर स्वतः लावू शकतो किंवा पाळी पुढे देऊ शकतो. लावला असेल, तर बरोबरी करणे, पण वाढविणे किंवा डाव सोडणे हे तीन मार्ग त्याच्यापुढे असतात. जमलेल्या रकमेला येथे गल्ला म्हटले आहे. पुढील उदाहरणांत लहान अंध पण १, मोठा अंध पण २, लहान पण २ व मोठा पण ४ चकत्या धरला आहे.

महाराष्ट्रात परिचित असलेल्या तीनपत्तीशी तुलना केल्यास या रचनेचा परिणाम ध्यानात येतो. तीनपत्तीत एकदा वाटलेली पाने बदलत नाहीत. राजांची जोड हाती आली, तर ती अखेरपर्यंत राजांची जोडच राहते आणि प्रतिपक्षाचा हातही तसाच स्थिर असतो. होल्डेममध्ये मात्र वाटपानंतर आणखी पाच पाने यावयाची असतात आणि ती सर्वांची असतात. आरंभी वरचढ असलेला हात शेवटी वरचढ राहीलच, अशी शाश्वती नसते.

जोडीचे मोल : दोन पानांचे एकूण १,३२६ संच संभवतात. त्यांपैकी कोणत्याही एका दर्जाच्या जोडीचे संच ६ असतात. म्हणून एक्क्यांची जोड सरासरीने २२१ डावांतून एकदा येते. गुलाम किंवा त्याहून वरच्या दर्जाची कोणती तरी जोड सु. ५५ डावांतून एकदा मिळते. एवढ्या प्रतीक्षेनंतर आलेली जोड हरली, की नवशिक्याला तो अन्याय वाटतो व ‘एक्के नेहमी हरतात’ ही तक्रार प्रत्येक खेळघरात ऐकू येते. आकडे पाहता या तक्रारीत अर्धेच तथ्य आढळते. कोणतीही दोन पाने घेऊन शेवटपर्यंत राहणाऱ्या एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एक्क्यांची जोड सु. ८५% डाव जिंकते. दोघांविरुद्ध ७३%, तिघांविरुद्ध ६४%, चौघांविरुद्ध ५६% आणि पाच जणांविरुद्ध सु. ४९%. आठही जण अखेरपर्यंत राहिले, तर हे प्रमाण ३५% च्या आसपास येते. म्हणजे तीन डावांतून जवळजवळ दोन डाव ती हरते. परंतु नऊ जणांच्या डावात गल्ल्यात स्वतःचा वाटा केवळ नवव्या हिश्शाचा, म्हणजे सु. ११ टक्क्यांचा असतो. ११ टक्के घालून ३५ टक्के मिळविणारा खेळाडू बहुतेक डाव हरूनही मोठा नफा मिळवितो. मोठ्या जोडीचा मालक जितक्या जास्त लोकांशी खेळतो तितक्या अधिक वेळा हरतो आणि तरीही त्याची कमाई वाढते. मर्यादित होल्डेमचे अर्धे मर्म या विसंगतीत आहे. मनाला हरण्याची संख्या जाणवते, नफ्याची रक्कम जाणवत नाही. त्यामुळे दोन-तीन पराभवांनंतर एक्के घेऊनही पण न वाढविणारे खेळाडू आढळतात व त्यांचे नुकसान तेथेच सुरू होते.

एक्क्यांखेरीज इतर जोडींना वरच्या दर्जाच्या पानांचे भय असते. फ्लॉपच्या तीन पानांत जोडीहून वरचे निदान एक पान येण्याची संभाव्यता राजांच्या जोडीला सु. २३%, राण्यांना ४१%, गुलामांना ५७% व दश्श्यांना ६९% असते. राण्या आणि गुलाम यांच्या दरम्यान ही संभाव्यता निम्म्यापलीकडे जाते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. उलटपक्षी जोडीच्या दर्जाचे तिसरे पान मिळून तिकडी होण्याचा योग फ्लॉपवर सु. १२ टक्केच असतो. म्हणून मोठी जोड बहुधा जोड म्हणूनच खेळावी लागते.

स्थान : फ्लॉपनंतर बोलण्याचा क्रम वाटप्याच्या डावीकडून सुरू होतो व वाटप्यापाशी संपतो. शेवटी बोलणाऱ्याला इतर सर्वांनी काय केले ते ठाऊक असते. आधी बोलणाऱ्याला स्वतःची पाने तेवढी ठाऊक असतात. अंध पण ठेवणारे दोघे व त्यांच्या लगतचा पहिला खेळाडू यांना ही अडचण विशेष जाणवते. अमर्यादित प्रकारात ती घातक ठरू शकते, कारण मागून बोलणारा कोणत्याही क्षणी सर्व रकमेचा प्रश्न उभा करू शकतो. मर्यादित प्रकारात तो जास्तीत जास्त एक-दोन पणांचा प्रश्न उभा करतो. आद्य स्थानाचे मोल येथे येथून-तेथून चुकलेल्या वा जास्त गेलेल्या एकेका पणात चुकवावे लागते. डाव डोळ्यांदेखत हातातून जात नाही, म्हणून हा तोटा पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

पहिल्या फेरीत आद्य स्थानावरूनही मोठ्या जोडीने पण वाढवावा, यावर अभ्यासकांत फारसा मतभेद नाही. सापळा म्हणून नुसती बरोबरी करून, मागून कोणी वाढविल्यास पुन्हा वाढवावयाचे, अशी एक क्लृप्ती आहे. ती आक्रमक खेळाडूंच्या टेबलावर क्वचित फळते. एरवी मोठा अंध पण ठेवणारा फुकट व इतर स्वस्तात फ्लॉप पाहतात, एवढेच तिच्यामुळे साधते.

खरी अडचण फ्लॉपवर सुरू होते. समजा, अंध पणांच्या लगतच्या खेळाडूने राण्यांच्या जोडीवर पण ४ पर्यंत वाढविला. त्याच्या मागच्या तिघांनी व मोठा अंध पण ठेवणाऱ्याने बरोबरी केली आणि लहान अंध पणवाल्याने डाव सोडला. गल्ल्यात २१ चकत्या झाल्या. फ्लॉपवर इस्पिक नव्वी, इस्पिक सत्ती व चौकट दुर्री आली. राण्या बहुधा अजून वरचढ आहेत. मोठ्या अंध पणवाल्याने पाळी पुढे दिली आणि राणीवाल्याने २ चा पण लावला. आता लगतच्या खेळाडूकडे गुलाम व दश्शी आहेत, असे मानू. त्याला सलग पाच पाने होण्यासाठी अठ्ठीच हवी. न दिसलेल्या ४७ पानांत अठ्ठ्या ४, म्हणजे त्याच्या विरुद्ध प्रमाण सु. १०·७५ ला १. परंतु गल्ल्यात २३ असताना त्याला २ च द्यावयाचे आहेत, म्हणजे मोबदला ११·५ ला १. त्याने डाव सोडणे चुकीचे ठरेल! एक्का व नव्वी धरणाऱ्याला पाच पाने उपयोगी आहेत (प्रमाण ८·४ ला १); त्याची बरोबरी तर अधिकच योग्य. पण लावून कोणालाही हुसकता येत नाही, या जाणिवेने अनेक जण पण लावण्याचेच सोडून देतात. ते बरोबर नाही. पाच जणांत आपला हिस्सा पाचव्याहून पुष्कळ मोठा असताना प्रत्येकी दोन चकत्या आत येणे हिताचेच असते. प्रश्न एवढाच उरतो, की त्यांना २ च्या ऐवजी ४ मोजावयास लावता येईल काय?

आधी बोलणाऱ्याला हे एकट्याने साधत नाही. त्याला दुसऱ्याच्या पणाची मदत लागते आणि ती मदत कोठून येईल, यावर सर्व अवलंबून राहते. शेवटच्या स्थानावरचा खेळाडू आक्रमक असेल, तर राणीवाल्याने आधी पाळी पुढे द्यावी. शेवटच्याने २ लावल्यावर व मोठ्या अंध पणवाल्याने डाव सोडल्यावर राणीवाला पण ४ करतो. गल्ल्यात २७ झालेले असतात व मधल्या दोघांना एकदम ४ द्यावे लागतात. मोबदला ६·७५ ला १ होतो. आता अठ्ठीची वाट पाहणारा व नव्वीची जोड असलेला, दोघांचीही बरोबरी तोट्याची ठरते. दोन इस्पिके धरणाऱ्याचे प्रमाण सु. ४·२ ला १ असल्यामुळे तो मात्र राहीलच व राहावेच. त्याच्याकडून किंमत वसूल करणे एवढेच हाती असते. याउलट आक्रमक खेळाडू लगेच डावीकडे बसलेला असेल, तर पाळी पुढे देणे निरर्थक होय. त्याने लावलेल्या २ ची बरोबरी सर्वांनी केल्यानंतर वाढविलेला पण प्रत्येकाला आणखी २ चाच पडतो व गल्ला तोवर ३३ पर्यंत गेलेला असतो. अशा वेळी राणीवाल्याने स्वतःच २ लावावे व शेजाऱ्याला वाढवू द्यावे. मागच्यांपुढे पुन्हा तोच २७ ला ४ हा भाव उभा राहतो. म्हणजे एकाच जोडीचा योग्य खेळ समोर कोण बसले आहे यापेक्षा कोण कोठे बसले आहे, यावर ठरतो. पाळी पुढे दिल्यावर कोणीच पण लावला नाही, तर चौघांनाही चौथे पान फुकट मिळते. ही जोखीम अंदाज पक्का असेल तेव्हाच पत्करावी.

यांपैकी काहीच साधले नाही, तरी टर्नवर पण दुप्पट होत असल्याने परिस्थिती काहीशी सुधारते. वरील डावात फ्लॉपवर पाचही जणांनी २ घातले, तर गल्ला ३१ होतो. निरुपद्रवी पान आल्यावर ४ चा पण लावल्यास पुढच्याला ८·७५ ला १ एवढाच भाव मिळतो. अठ्ठीची वाट पाहणाऱ्याचे प्रमाण आता १०·५ ला १ असते. रिव्हरवर पुढे मिळू शकणाऱ्या पणाचा विचार बाजूला ठेवला, तर फ्लॉपवर योग्य असलेली त्याची बरोबरी टर्नवर चूक ठरते. नव्वीच्या जोडीची बरोबरी मात्र (८·२ ला १) अजूनही कशीबशी योग्य राहते.

दुसरा नेहमीचा प्रसंग भयाचा आहे. गुलामांच्या जोडीवर पण वाढविला, वाटप्याने व मोठ्या अंध पणवाल्याने बरोबरी केली, गल्ला १३. फ्लॉपवर वेगवेगळ्या जातींचे एक्का, अठ्ठी व तिर्री ही पाने आली. गुलामवाल्याने २ लावले, वाटप्याने बरोबरी केली, तिसऱ्याने डाव सोडला, गल्ला १७. टर्नवर छक्की आली. वाटप्याकडे एक्का असेल, तर गुलामांना फक्त दोन पाने वाचवू शकतात. नसेल, तर बहुधा त्यालाच दोन ते सहा पानांची आशा आहे. अशा, एक तर पुष्कळ पुढे किंवा पुष्कळ मागे असण्याच्या स्थितीत पाळी पुढे देऊन वाटप्याच्या पणाची शेवटपर्यंत बरोबरी करीत जाणे हा मर्यादित प्रकाराचा खास उपाय होय. त्याला दोन मोठे पण, म्हणजे ८ चकत्या पडतात व जिंकल्यास २५ मिळतात. अशा चार प्रसंगांतून एकदा जरी गुलाम वरचढ निघाले, तरी तोटा होत नाही. अमर्यादित प्रकारात ही सोय नसते. शेवटपर्यंत जाण्याची किंमत तेथे प्रतिस्पर्धी ठरवितो. अर्थात वाटपी जर एक्क्याशिवाय कधीच पण न लावणारा सावध गृहस्थ असेल, तर स्वतः ४ लावावे व त्याने वाढविल्यास निमूटपणे डाव सोडावा, हे अधिक किफायतशीर. भित्रेपणाने डाव सोडण्याची चूक आणि हट्टाने बरोबरी करण्याची चूक या सारख्या किमतीच्या नसतात: दुसरीत एक पण जातो, पहिलीत सबंध गल्ला. म्हणून गल्ला मोठा असताना व प्रतिस्पर्धी एकच उरला असताना संशयाचा फायदा जोडीला द्यावा. तीन-चार जण शिल्लक आहेत, एकाच जातीची चार पाने टेबलावर आहेत आणि पण लागून तो वाढविलाही गेला आहे, अशा वेळी मात्र एक्क्यांचीही जोड टाकता आली पाहिजे. हे ज्याला जमत नाही त्याला पहिल्या फेरीतील नफा टिकविता येत नाही.

रिव्हरवरच्या निर्णयात दोन स्थानांतील भेद पुन्हा दिसतो. शेवटी बोलणाऱ्याने पण लावावयाचा, तर बरोबरी होईल तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा आपण जिंकू, असा त्याला भरवसा हवा. कारण तसा तो नसेल, तर पाळी संपवून फुकट हात दाखविता येतो. आधी बोलणाऱ्याला ही सोय नाही. त्याने पाळी पुढे दिली, तरी वरचढ हात असलेला प्रतिस्पर्धी पण लावणारच व त्याची बरोबरी करावी लागणारच. दुबळ्या हातावर मात्र तो पण न लावता हात दाखवील. म्हणून निम्म्याहून थोड्या कमी वेळा जिंकण्याची अपेक्षा असतानाही आद्य स्थानावरून पण लावणे कधीकधी योग्य ठरते.

संगणकीय उकल : पणाच्या रकमा ठराविक असल्यामुळे मर्यादित होल्डेम गणनेला तुलनेने सुलभ आहे. कॅनडातील अ‍ॅल्बर्टा विद्यापीठाच्या ‘पोलॅरिस’ या आज्ञावलीचा २००७ मध्ये फिल लाक व अली एस्लामी या व्यावसायिकांकडून थोडक्यात पराभव झाला. २००८ मध्ये लास व्हेगस येथे तिने व्यावसायिकांच्या गटावर मात केली. जानेवारी २०१५ मध्ये मायकेल बोलिंग व त्याचे सहकारी यांनी सायन्स या नियतकालिकात दोन खेळाडूंच्या मर्यादित होल्डेमची उकल झाल्याचे जाहीर केले. या खेळात निर्णयाचे सु. ३१९ लाख कोटी प्रसंग संभवतात. ‘सेफियस’ नावाच्या आज्ञावलीने सु. ४,८०० प्रक्रियकांवर दोन महिन्यांहून अधिक काळ स्वतःशीच खेळून जे धोरण सिद्ध केले, त्यावर आयुष्यभर खेळूनही निश्चित विजय मिळविता येणार नाही, इतके ते निर्दोष मानले जाते. दोघांच्या डावात वाटपी फ्लॉपनंतर शेवटी बोलतो. दोघेही निर्दोष खेळले, तर त्याला दर हजार डावांमागे मोठ्या अंध पणाच्या सु. ८८ ते ९० पट लाभ होतो, असे या उकलीवरून दिसून आले. स्थानाला किंमत आहे, हा जुन्या खेळाडूंचा अनुभव अशा रीतीने आकड्यांत मांडला गेला. जोडीबाबतचे निष्कर्ष मात्र काहीसे अनपेक्षित आहेत. पहिल्या फेरीतील अखेरची वाढ वाटप्याच्या स्थानावरून एक्क्यांची जोड असतानाही हे धोरण दहा हजारांत एकदाही करीत नाही. बळ झाकून ठेवून पुढील फेऱ्यांत ते वसूल करण्याकडे त्याचा कल दिसतो. उलट आधी बोलणाऱ्याच्या स्थानावरून तिर्री-चौकीसारख्या लहान जोडींवरही ते मानवी खेळाडूंपेक्षा पुष्कळ अधिक वेळा पुन्हा पण वाढविते. ही उकल दोघांच्या डावापुरतीच आहे. नऊ जणांच्या टेबलाची तशी उकल झालेली नाही.